रुमालाखालचा भाव

अक्का कायमची परत आली
तेव्हा टेम्पोत एकोणीस खोकी होती.
हमालानं विचारलं, हळद काय?
ती म्हणाली, नाही, देव.
तो हसला नाही. हमाली नगावर ठरली.

चाळीस वर्षं ती काय करत होती
हे मला वखारभागात कधी नीट सांगता आलं नाही.
चीनच्या नव्या पंथांवर काम करते, मी म्हणायचो.
चीनला कुठला आलाय धर्म, म्हणत
शेटे अण्णा चहा बशीत ओतायचे,
आणि मलाही वाटायचं, खरंच की,
मग पगार कशाचा?

तायचुंगला पहिलं वर्षभर
कुणी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.
मग एका खानावळीत तिनं खुणेनं सांगितलं,
कांदा नको, लसूण नको,
आणि शेजारच्या टेबलावरची बाई
चमचा खाली ठेवून बघत राहिली.
त्यांच्यातही तोच नियम.
आईच्या चुलीनं दार उघडलं ते असं.
प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आईचं नाव आहे,
का, ते परीक्षकांनी विचारलं नाही.

आत वाळूचं ताट असायचं.
एकजण डोळे मिटून काठी धरतो,
काठी वाळूत अक्षरं काढते,
दुसरा ती मोठ्यानं वाचतो,
तिसरा उतरवून घेतो,
की लगेच वाळू सपाट.
भक्त म्हणत, देव लिहितो.
पलीकडचं सरकार म्हणे, लबाडी,
आणि पन्नासच्या सुमाराला धरपकड झाली.
अक्का एवढंच विचारायची:
त्या तिघांची नावं काय?

बाकी मग नावंच.
एका कार्डावर एक माणूस. गाव, धंदा,
काठी धरणारा, वाचणारा, की लिहिणारा,
कधी नेला, परत आला का.
तीनदा व्हिसा नाकारला.
पुस्तकाच्या दोनशे प्रती, त्यातल्या साठ
अजून आमच्या माळ्यावर.

एकदा जेवताना मी विचारलंच,
अक्का, तुझा विश्वास आहे का गं त्यावर?
ती म्हणाली, बाहू,
सौद्याला तू रुमालाखाली बोटं दाबायचास,
भाव कोण ठरवायचं? तू?
मी म्हणालो, छे.
घेणारा?
एकटा तो तरी कसा? बाजार ठरवतो.
रुमालाखाली बाजार कुठं होता?
मी आमटी वाढून घेतली.

त्या ऑगस्टात गावभागात पाणी
आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीला टेकलं.
हरिपूरची पेवं बुडाली होती त्या साली
मी बायकोसमोर रडलो होतो.
अक्का रडली नाही.
अकरा खोकी उघडली, कार्डांचा नुसता लगदा,
शाई कृष्णेनं नेलेली.
तिनं एक मूठ उचलून वास घेतला,
म्हणाली, हळदीचाच येतोय.

सोप्यात वीतभर गाळ.
मी फावडं शोधत होतो,
तर ती केरसुणीचा दांडा घेऊन उभी,
डोळे मिटलेले,
आणि दांडा चालू लागला.
आडवी रेघ, उभी, एक झटका खाली.
मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.
ती म्हणाली, मला आठवत नाहीत रे,
हाताला आठवतायत. लिही.

कोरडं असं घरात काही नव्हतं,
माळ्यावर पेढीची जुनी वही सापडली.
ती काढायची, स्वतःच वाचायची,
पायानं पुसायची,
मी देवनागरीत उतरवायचो.
एक माणूस कमी पडत होता,
पण चाललं.

दुपारी पालिकेची पोरं आली,
आजी, गाळ काढायचाय.
ती म्हणाली, थांबा, हा शिंपी राहिलाय.

दोनशे चौदा झाली आजवर.
वहीत रकाने दोनच, आवक आणि जावक.
मी आवकेत घालत गेलो.
चुका असणार.
उच्चार ती दोनदाच सांगते.